पिशवीतलं सफरचंद

पहिलीच्या बाईंना सगळी शाळा ‘सफरचंदबाई’ म्हणायची आणि बाईही त्या नावावर खूश होत्या. एकतीस वर्षं त्यांचा एकच हट्ट होता, आधी वस्तू हातात आणि मग अक्षर वहीत. पोरं सफरचंद हुंगायची, बिया मोजायची, फोडी मटकावायची. मग प्रत्येकानं मनात येईल ते एक वाक्य बोलायचं. बाई ते कागदी सफरचंदावर जसंच्या तसं लिहून भिंतीवरच्या झाडाला लावायच्या आणि ज्याचं त्यानं वाचायचं.

सगळ्यांत घडाघडा वाचायची ती चिमणी. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून हे नाव.

वर्ष संपत आलं तेव्हा झाडणाऱ्या मावशींनी भिंत पुसायला सफरचंदं काढली आणि हाताला येतील तशी परत लावली. सोमवारी चिमणी नेहमीच्या जागी उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, “माझ्या सफरचंदाला खळी पडते!” समोरच्या कागदावर होतं, ‘मला साल आवडत नाही.’ वर्ग खो खो हसला. चिमणीचा चेहरा एवढासा झाला.

बाईंना आता उमगलं. पोरीनं वर्षभर वाक्यं पाठ केली आणि आपण कौतुक करत बसलो! चूक पोरीची नव्हतीच.

मुख्याध्यापक सरांच्या कानावर गेलंच. ते म्हणाले, “शुक्रवारी मी स्वतः बघतो. नाही जमलं तर ही पहिलीतच राहील.”

बाईंनी कंबर कसली. चिमणीचीच वाक्यं कात्रीनं कापली, शब्द सुटे केले, उलटेसुलटे मांडले. चिमणी शब्द जुळवायची, पण प्रत्येक शब्दाला मान वर करून बाईंच्या तोंडाकडे बघायची. बाईंच्या भुवया हलल्या की हिचा हात हलायचा. गुरुवारी हे लक्षात आलं आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी सर येऊन बसले. बाईंनी नवंकोरं कागदी सफरचंद चिमणीच्या हातात दिलं आणि खिडकीकडे तोंड करून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

“वाच,” सर म्हणाले.

चिमणीचे नुसते ओठ हलत होते. सरांनी पेनाचं टोपण काढलं तो आवाज बाईंनी ऐकला, पण मान वळवली नाही.

मग बाक सरकला. चिमणी उठली ती थेट बाईंच्या टेबलापाशी गेली. बाईंच्या पिशवीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. चिमणीनं ती उघडली आणि आतून लालबुंद सफरचंद काढलं. कागदावर लिहिलं होतं, ‘माझ्या पिशवीत सफरचंद आहे. ते तू घे.’

बाईंनी वळून पाहिलं आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. एखादं पोर पहिल्यांदा खरंखुरं वाचायचं तेव्हा एकतीस वर्षांत तो दरवेळी आला होता. सरांनी पेन खिशात ठेवलं.

चिमणी मात्र सफरचंद छातीशी धरून घाबरल्यासारखी उभी होती.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही तर बोललाच नाहीत. मग मला कसं ऐकू आलं?”