तिसरं कोटेशन

सरकारी कार्यालयांना खरेदी करायचीच आहे, तर ती आपल्याच तालुक्यातल्या बचत गटांकडून, कारागिरांकडून करा, एवढं पटवून देणं हेच पुष्पांजलीताईंचं काम. त्यासाठी मेहकरहून एस.टी.नं येऊन त्या तीन वर्षं आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर बसल्या. मी तिथला भांडारपाल. साहेब बदलत गेले, प्रत्येकानं चहा पाजला. चौथ्या साहेबांनी मात्र चहा न पाजता सही केली: दोनशे चादरी स्थानिकांकडून घ्याव्यात.

चादरी शिवणार होता तानुबाईंचा गट. बारा बाया, सहा मशिनी. आजवर त्यांनी शहरातल्या दुकानांसाठी शिवलं आणि नाव दुकानांचं लागलं. तानुबाईंना या वेळी ऑर्डर गटाच्या नावावर हवी होती. तो कागद हाती असला की दुसऱ्या कार्यालयात पाय ठेवता येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नियमानं तीन कोटेशन लागतात. आमच्याकडची रीत अशी, की ज्याला काम द्यायचं ठरलंय त्यानंच बाकी दोघांचे कागदही आणून द्यायचे, जरा चढ्या भावाचे. त्यामुळे स्पर्धा अगदी निकोप राहते. पुष्पांजलीताई पारदर्शकतेवर तासभर बोलायच्या, पण तीन वर्षांत त्याही थकल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "तानुबाई, अजून दोन कागद आणा तेवढे."

एक कागद कापडवाल्या दीपकनं दिला. त्याला काही सांगावं लागलं नाही, भाव आपोआप चढला. दुसरा स्टँडजवळच्या रहेमतुल्ला टेलर मास्तरांनी, वळणदार अक्षरात. साहेबांसमोर मी पाकिटं फोडली आणि भाव दोनदा वाचले. सगळ्यात कमी भाव मास्तरांचा.

मास्तरांना आणि तानुबाईंना बोलावलं. मास्तर गोंधळले. "साहेब, तानुबाईनं भाव लिहून द्या म्हटलं. मले जेवढ्यात परवडते तेवढा लिहला. झूठ काऊन लिहू?"

मी तानुबाईंकडे पाहिलं. "जास्तीचा लिवा म्हनून त्यांना सांगितलं नव्हतं का?"

"नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्या मानसाले खोटं लिवा म्हनायले माही जीभच रेटली नाही."

आमच्या कार्यालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच कोटेशन खरं निघालं होतं आणि त्यानं सगळा घोळ केला. कमी भाव डावलला तर ऑडिट मानगुटीवर बसणार. ऑर्डर मास्तरांना गेली. त्यांच्याकडे मशीन एकच, त्यांनी सगळं काम गटालाच दिलं आणि मजुरीही चोख दिली. चादरी आल्या, शिवण सरळ दोरीत. आम्ही वर अहवाल धाडला: स्थानिक कारागिराकडून यशस्वी खरेदी. बुलडाण्याच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं. पुष्पांजलीताईंना दोन शब्द बोलायला लावलं, त्या एकच बोलल्या आणि खाली बसल्या.

पुढच्या वर्षी पडद्यांची खरेदी निघाली. तानुबाई माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊ, आता आम्ही भरू का अर्ज?"

"यंदापासून सरकारी पुरवठ्याचा अनुभव लागते, बाई. गटाच्या नावावर."

मागच्या वरांड्यात त्यांनीच शिवलेल्या चादरी वाळत होत्या. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला लाज वाटली. मी मान खाली घातली आणि त्यांना अनुभवाची अट पुन्हा एकदा वाचून दाखवली.