मीठ गोड लागलं, म्हणाली

बायकोला रोज स्वप्न पडायचं आणि ती ते रोज सकाळी मला सांगायची. चहाचं पाणी ठेवलं की सुरू. आज विहिरीत मांजर पडलं होतं. आज आई दारात उभी होती, हातात काय होतं ते दिसलं नाय. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "याचा अर्थ काय असल ओ?"

मी म्हणायचो, "अर्थ हाच, की रात्री वाल जास्त खाल्लेस."

लग्नाची पहिली तीन-चार वर्षं हे चाललं. मग मीच बंद पाडलं.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचो. मूर्तीला रंग कुणीही देईल, डोळे सगळ्यांना जमत नाहीत. श्वास धरून एका झटक्यात रेघ ओढायची. हंगामात लहान मूर्ती मी रामवाडीला घरी आणायचो. पडवीत फळ्यांवर रांगा लागायच्या. बायको त्या पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची, आणि पांढरा हात मारून झाला की मी डोळे काढायचो. एकदा ती चहा घेऊन आली आणि ब्रश माझ्या हातात असतानाच स्वप्न सांगायला लागली. तिची सासू, म्हणजे माझी आई, म्हशीवर बसून देवळात चालली होती म्हणे. मला हसू फुटलं आणि रेघ गेली कानापर्यंत. गणपती छपराकडे बघायला लागला. तो पुसून, पुन्हा पांढरा करून, पुन्हा काढण्यात अर्धा दिवस गेला. मी तिला म्हटलं, "आजपासून मला स्वप्नं सांगायची नाय. हातात ब्रश असो नायतर नसो. हात बिघडतो माझा."

ती म्हणाली, "बरं."

तेवढंच. चिडली नाही, रडली नाही. पण त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांत एक स्वप्न तिनं मला आपणहून सांगितलं नाही. मला तेव्हा वाटलं, बायको शहाणी झाली.

तिनं दुसरे ऐकणारे शोधले. दुपारी पाय लांब करून, मूर्ती मांडीत घेऊन घासत बसायची आणि त्यांना सांगायची. मी एकदा विचारलं, "कुणाशी बोलतेस गो?"

"कुणाशी नाय. यांना अजून डोळे नायत, तवर हे मोकळे हायत. तुम्ही डोळे काढलेत की हे पण कामाला लागतील. मग यांना तरी कुठला वेळ?"

हे मी कारखान्यात सांगितलं. सगळे हसले. मीही हसलो.

ती खाडीकडची. तिच्या बापाचं आयुष्य मिठागरात गेलं. ते लोक नुसतं आगर म्हणतात. अशा घरातल्या पोरीला मीठ किती लागतं ते मी सांगायला नको. पेजेत मीठ, कैरीला मीठ, सुकी मच्छी तर रोज. तीन वर्षांपूर्वी तिचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, "मीठ जरा कमी करा." डॉक्टर चुकले नाहीत. जरा म्हणाले होते. पण माझ्या कामात जरा म्हणून काही नसतं. रेघ आहे तर आहे, नाही तर नाही. घरी आलो आणि मिठाची बरणी माळ्यावर ठेवली, शिडी मागच्या दारी नेऊन टाकली. लोणचं शेजारणीला देऊन टाकलं, सुकट पण. वर तिला म्हटलं, पाणी भरपूर पी, गरमी हाय.

दोन दिवस ती भांडली. "मिठागरवाल्याच्या पोरीचं मीठ काढलं नवऱ्यानं, सांगा जाऊन गावाला!" मग गप्प जेवायला लागली. मी खूश. बीपीपण उतरलं होतं.

त्याच वर्षी ज्येष्ठातली गोष्ट. मी आत आडवा पडलो होतो, दार उघडं होतं. पडवीतून पेपर घासल्याचा आवाज येत होता आणि तिचा बोलण्याचा. मूर्तीला सांगत होती, "काल आगरात गेलेवते. बाबा नव्हते, कुणीच नव्हतं. सगळं पांढरं. बांधावरनं आत उतरले, मूठभर मीठ उचललं नि खाल्लं. गोड लागलं रे. बत्ताशासारखं."

मी आतून ओरडलो, "झोपेत पण चोरून खातेस काय गो?"

घासण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं घासणं सुरू झालं, बोलणं झालं नाही.

पुढे आठ-दहा दिवस तेच स्वप्न तिला पडत होतं. मला कसं माहीत? ऐकत होतो ना मी. ती आवाज बारीक करून सांगायची, तरी येत होतं ऐकू. आज दोन मुठी खाल्ल्या. आज पदरात बांधून आणलं आणि घरी येईस्तोवर त्याचं पाणी झालं. मी कूस बदलून झोपायचो.

त्याच महिन्याच्या शेवटी आम्ही मुलीकडे निघालो. मुलगी रोह्याला, पुलापलीकडे अष्टमी गावात राहते. जावई कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. पेणहून गाडी धरली. पाऊस लागून गेला होता. कासूला गाडी थांबली तेव्हा बायको खिडकीतून बघत म्हणाली, "बघा, मीठ पिकलंय."

"शेतात पाणी हाय ते. मीठ कुठलं?"

"पांढरं हाय की."

"ऊन पडलंय त्यावर."

तिनं माझ्याकडे बघितलं. गाडीत शेजारी अनोळखी माणूस बसला की बाई बघते तसं. मग पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि घट्ट धरली. मी तेव्हा मनात एवढंच म्हटलं, डोळे तपासून घ्यायला हवेत हिचे.

मुलीच्या घरी दुसऱ्या दिवशी ती मुलीलाच वहिनी म्हणायला लागली. आमटीत चहाची पावडर टाकली. मुलीनं मला विचारलंदेखील नाही, रिक्षा बोलावली आणि पुलावरून रोह्यात दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, सोडियम फार खाली गेलेलं. डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, "आजी जेवणात मीठ खातात ना?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हळूहळू वाढवावं लागेल, गोळीपण बदलू. "तोपर्यंत त्या भ्रमात बोलतील. तुम्ही त्यांना सांगत राहा, कुठं आहात, आज वार कोणता. त्यानं माणूस भानावर यायला मदत होते."

आता मला कुणी एक गोष्ट सांगितली की मी ती कशी करतो ते कळलंच असेल.

तिची कॉट खिडकीशी होती. दुपारचं पांढरं ऊन चादरीवर पडलेलं. तिचा चेहरा मी इतका खुललेला बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाली, "बांधावर काय उभे? आत या."

"हा दवाखाना हाय. रोहा. आज गुरुवार."

"चपला काढा नि या. पाय नाय भाजत."

"दवाखाना हाय गो. सलाईन लावलंय तुला."

"लय बरं वाटतं इथं. या ना ओ." आणि हात पुढे केला. सुई लावलेला हात नव्हे, दुसरा.

मी तो हात धरायला हवा होता. चपला काढून उभा राहिलो असतो तरी चाललं असतं, कितीतरी दवाखान्यांत तसंही बाहेर काढायला लावतात. पण मी आवाज चढवला. "कसलं आगर घेऊन बसलेस! बांध फुटून खाडीचं पाणी शिरलं त्याला वीस वर्षं झाली. तिथं आता लव्हाळं हाय. आगर नाय, मीठ नाय, काय नाय!"

शेजारच्या कॉटवरची बाई वळून बघायला लागली.

बायकोनं पुढे केलेला हात मागे घेतला, चादरीखाली ठेवला आणि म्हणाली, "बरं."

तेच बरं. मला त्या दिवशी आठवलं नाही, पुढे आठवलं.

चौथ्या दिवशी ती भानावर आली. मुलीला नावानं हाक मारली. मला म्हणाली, "काय काय बडबडले ओ मी?"

"काय नाय. झोपून होतीस."

घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, की बाई, ही आधीपासून झोपेत मीठ खात होती, मी ऐकलं होतं, त्याचा अर्थ हाच होता का? मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शरीराला काही कमी पडलं की मन तिकडं जात असेल काका. पण नक्की नाही सांगता येत. मी काही स्वप्नावर गोळी देऊ शकत नाही. तुम्ही तेव्हा कुणाला बोलला असतात तर लवकर आला असतात, एवढं मात्र खरं."

पेणला आलो. मी शिडी आणली, बरणी खाली काढली. ताटात डाव्या बाजूला मीच मीठ वाढायचो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं. ती म्हणायची, "वाढा वाढा. आता घाबरून वाढताय." एकदा धीर करून विचारलं, "आगर दिसतं का गो अजून?"

"नाय ओ. मीठ मिळालं ना. आता कशाला दिसल?"

पुढे काही विचारायला हवं होतं. तिथं मला आत का बोलवत होतीस, एवढं तरी. पण मग मी काय उत्तर दिलं तेही निघालं असतं. मी म्हटलं, हंगाम संपू दे, मग बोलू. हंगाम संपला, दिवाळी झाली, मी बोललो नाही. होळीच्या आधी एका दुपारी ती जेवून आडवी झाली आणि उठलीच नाही. हार्ट म्हणाले.

ती गेल्यापासून एकदाही माझ्या स्वप्नात आली नाही.

मुलीच्या येते. शेजारणीच्या आली. हिरवं लुगडं नेसून शिडी मागत होती म्हणे. ज्या बाईला लोणच्याची बरणी दिली तिच्याकडे जाते, माझ्याकडे येत नाही. शेजारीण विचारते, "येते का ओ तुमच्या?" मी म्हणतो, मला झोप गाढ लागते. खरंच लागते, दगडासारखी. सकाळी उठतो तेव्हा पाटी कोरी.

मी बसल्या बसल्या हिशेब केला. तिला मीठ कमी पडलं तर स्वप्नात मीठ आलं. मग मला ती कमी पडली आहे, तर ती का येत नाही? अर्थ असेल तर दोघांना सारखा असायला हवा. याला उत्तर एकच सुचतं. ती बोलवत होती तेव्हा मी म्हटलं, आगर नाय, काय नाय. जी जागा नाहीच म्हणून सांगितली, तिथून माणसानं कसं यायचं?

या वर्षी माझा हात थरथरायला लागला. कारखान्यात आखणी दुसऱ्याला दिली. मला घरी घासायच्या मूर्ती पाठवतात. तिचं काम. पडवीत पाय लांब करून बसतो. आणि घासता घासता एक दिवस डोक्यात आलं, की ती जेवढे दिवस अळणी जेवली तेवढे मीही जेवून बघतो. तिला रस्ता तिथूनच दिसला होता.

बरणी माळ्यावर ठेवली. या वयात शिडी चढून. बारा दिवस मीठ बंद. चौथ्या दिवसापासून पोटऱ्यांत गोळे यायला लागले. आठव्या दिवशी चक्कर आली, फळी धरली म्हणून मूर्ती वाचली. रोज दुपारी आशेनं झोपायचो. आगर नाही, बांध नाही, काही नाही.

तेराव्या दिवशी मुलगी आली. स्वयंपाकघरात गेली, वालाचं बिरडं चाखलं आणि तशीच पळी घेऊन पडवीत आली. "बाबा, यात मीठ नाय."

"विसरलो असेन."

"भातात पण नाय. बरणी कुठं हाय?"

मी मूर्ती घासत राहिलो. तिनं माळ्याकडे बघितलं. शिडी भिंतीलाच होती.

"बाबा! आईचं बघून पण अक्कल नाय आली? मरायचंय काय तुम्हाला?"

"मरायचं नाय. बघायचं होतं."

मग सांगितलं तिला. सगळं सांगितलं, ती डबा घ्यायला घरी गेली होती तेव्हा दवाखान्यात काय झालं तेही. तिची आई आत या म्हणाली, हात पुढे केला, मी काय म्हटलं. मला वाटलं पोर म्हणेल, जाऊ द्या बाबा, आई भ्रमात होती, मनावर घेऊ नका. तसं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "आई तुम्हाला जागेपणी पण आत बोलवायची. रोज. चहा निवतोय, आत या. भात वाढलाय, आत या. एवढे डोळे झाले की येतो म्हणायचात. ती दारात उभी राहायची आणि मग एकटी जेवायची. त्याचा काय अर्थ लावणार आहात?"

तिनं पदर खोचला, वर चढली, बरणी काढली. बिरड्यात मीठ घालून उकळी आणली. ताट वाढल्याचा आवाज आला. मग आतून हाक मारली, "बाबा, आत या."

माझ्या मांडीवर मूर्ती होती. एका कानामागे अजून खरखर लागत होती. ती तशीच फळीवर ठेवली आणि गेलो. ताटात डाव्या बाजूला मीठ होतं. चिमूटभर उचललं, नुसतंच जिभेवर ठेवलं.

खारट लागलं. मिठासारखंच.