त्रेचाळीस टक्के

बत्तीशीकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे दात केले. दातांचा डॉक्टर साचा पाठवायचा, हे त्यावरून कवळी घडवायचे, तिला खऱ्या दातांचा किंचित पिवळट रंग द्यायचे आणि डबीत घालून परत धाडायचे. पेशंटचं तोंड कधी बघायची वेळ आली नाही, त्यामुळे माणसांशी बोलायची सवय लागली नाही ती नाहीच. माणूस वाईट नव्हता, घुमा होता. घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. दीड वर्षापूर्वी ती गेली आणि ते खातं बंद पडलं.

तिच्या मागे उरलेल्या वस्तूंत एक लॅपटॉप होता. तिने आणि तिच्या थोरल्या बहिणीने एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारखे दोन घेतले होते, कारण एकीचा दुसरीपेक्षा चांगला असलेला दोघींनाही चालला नसता. कशाला घेतले, तर पत्त्यांच्या खेळाला! एकट्याने खेळायचा खेळ. डाव संपला की चौकट यायची: इतके खेळलात, इतके जिंकलात, इतके टक्के. रोज संध्याकाळी थोरलीचा फोन यायचा. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. एकदम "किती?" मग हिचा आकडा, तिचा आकडा, खिदळणं आणि एकमेकींवर लबाडीचे आरोप. काका शेजारच्या खोलीतून ऐकायचे आणि दार लोटून घ्यायचे.

ती गेल्यावर थोरलीने दोन-तीनदा फोन केला. काका "ठीक आहे" म्हणाले. "ठीक आहे" या उत्तरावर कोण किती वेळ बोलणार? फोन थांबले.

मग एका रिकाम्या दुपारी त्यांनी तो लॅपटॉप उघडला आणि बायकोचा खेळ पुढे खेळायला लागले. आधी आकडा बघून ठेवायचं सुचलं नाही. पुष्कळ डाव हरल्यावर चौकटीकडे लक्ष गेलं, तेव्हा कळलं: तिथले टक्के तिचे होते आणि ते खाली चालले होते. शहाण्या माणसाने तिथेच हात आवरला असता. काका भरपाई करायला बसले. जुगाऱ्यासारखे. रोज खेळायचे, रोज हरायचे, आणि टक्के उतरत उतरत छत्तिसावर आले. मुळात किती होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि विचारणार कोणाला?

अशात एक दिवस लॅपटॉप सुरूच होईना. काळा पडदा आणि एकच ओळ: रिकव्हरी डिस्क घाला.

काकांनी तो पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण. कपाळावर दिवा बांधून बसलेल्या दुरुस्तीवालीने मान वर न करताच विचारलं, "डिस्क आहेत का याच्या? नवीन घेतल्यावर करून ठेवायच्या असतात."

"बायकोने केल्या असतील. ती असलं सगळं करायची."

"मग शोधा. हे मॉडेल आता बंद झालंय, कंपनी काही देणार नाही. आत काही महत्त्वाचं आहे का? नुसती डागडुजी करून बघता येते, आतलं आहे तसं राहतं. वेळ लागेल आणि जमेलच असं नाही. नाहीतर सगळं पुसायचं आणि दुकानातून आणला तसा करायचा."

मागे एक गृहस्थ प्रिंटर कडेवर घेऊन उभे होते. काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वयाच्या सत्तरीत चारचौघांत सांगायचं काय, की पत्त्यांचा खेळ वाचवा?

"काही नाही," ते म्हणाले. "महत्त्वाचं काही नाही."

घरी येऊन कपाटं उपसली, खोके उलटे केले. दमून बाल्कनीत जाऊन उभे राहिले, तर डोळ्यांसमोर त्या चमचमत होत्या. कबुतरांचा उच्छाद झाला होता, तेव्हा काकांनी खणातल्या तबकड्या काढून, दोरा ओवून, स्वतःच्या हाताने तिथे टांगल्या होत्या. त्यांतल्या तीन तबकड्यांवर बायकोच्या अक्षरात एक, दोन, तीन लिहिलेलं. एक आणि तीन बऱ्या होत्या. दोन नंबरची उन्हाने सोलली होती, आणि कबुतरांनीही आपलं मत नोंदवलं होतं.

दुरुस्तीवालीने ती दिव्याखाली धरली, दोऱ्यासकट. "काका, ही कबुतरांनी इन्स्टॉल केली का?" आणि ती हसत सुटली. काकांनाही हसू आलं असतं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. "असाच लॅपटॉप दुसऱ्या कोणाकडे असेल तर बघा," ती म्हणाली. "त्याच्या डिस्क चालतील."

असाच लॅपटॉप कोणाकडे होता, हे सांगायला नकोच.

थोरलीकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. वाटेत काकांनी वाक्यं जुळवली. दार उघडल्यावर एकही आठवेना.

"भाऊजी? तुम्ही? कोण गेलं?"

"कोणी नाही, ताई. डिस्क हव्या होत्या."

"दीड वर्षाने आलात ते तबकड्या मागायला! या, आत या. चपला राहू द्या, फरशी तशीही पुसलेली नाही."

तिने तिन्ही डिस्क पहिल्याच खणातून काढल्या, कोऱ्या करकरीत. मग चहा ठेवला आणि पाठमोरीच विचारलं, "तिचा आकडा आहे ना अजून त्यात?"

काकांनी समोरचा रिकामा कप हातात घेतला. खाली ठेवला. मग सगळं सांगून टाकलं, टेबलाच्या कडेकडे बघत: आपण खेळलो, हरलो, भरून काढायला गेलो, आणखी हरलो. "छत्तीस झालेत ताई. आधी किती होते तेही माहीत नाही. मी वाट लावली तिच्या आकड्याची."

थोरली फटकळ बाई. आता कानउघाडणी होणार म्हणून काका मान घालून बसले. तिने उकळता चहा ढवळला.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. "शेवटच्या फोनवर त्रेचाळीस होते. माझे एकोणचाळीस. दवाखान्यात निघताना सांगितलंन मला, आणि वर म्हणते कशी, आता तू गाठ मला." तिने गॅस बंद केला. "त्यानंतर मी तो उघडलाच नाही. आकडा सांगायचा कोणाला? भिंतीला?"

चहा पिऊन काका निघाले.

दुकानात दुरुस्तीवालीने डिस्क हातात घेऊन पुन्हा विचारलं, "डागडुजी करून बघू, की पुसू?"

मागे या वेळी कोणी नव्हतं. खेळाचं सांगायला आता लाजही वाटली नसती. पण आत होते ते छत्तीस, आणि ते काही तिचे नव्हते.

"पुसा," काका म्हणाले.

दोन दिवसांनी लॅपटॉप घरी आला. पहिल्यांदाच सुरू होत असल्यासारखं त्याने विचारलं: वापरणाऱ्याचं नाव? काका ठोकळ्यासारखे बसून राहिले. विजेचं बिल, गॅसची जोडणी, दारावरची पाटी, सगळं अजून दोघांच्या नावाने. त्यांनी तिच्या नावाचं पहिलं अक्षर उमटवलं. खोडलं. मग एका बोटाने, कवळीत दात बसवावा तसं एकेक अक्षर दाबत स्वतःचं नाव लिहिलं.

पहिला डाव हरले. दुसराही. तिसऱ्यात सगळे पत्ते अडकून बसले. चौकटीत शून्य आलं.

बाल्कनीत कबुतरं परतली होती आणि कठड्यावर घुमत होती. तबकड्या उतरवल्यापासून त्यांना रान मोकळं होतं. काकांनी थोरलीला फोन फिरवला. तिकडे उचलला गेला, आणि कोणीच काही बोलेना. हॅलोसुद्धा नाही. काकांना तिचा श्वास ऐकू येत होता. शेजारच्या खोलीतून इतकी वर्षं ऐकलेला तो शब्द आता आपल्यालाच विचारावा लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

"किती?" ते म्हणाले.

"थांबा," थोरली म्हणाली. "उघडते. धूळ बसलीय त्याच्यावर."