सकाळी सहाची पोस्ट

नरडाण्याच्या आमच्या कारखान्यात स्टोअरला एक कारकून आहेत. नवे मोबाइल आणि गावोगावची कबड्डी, एवढ्या दोनच गोष्टींवर ते ब्लॉग लिहितात. लिहिण्यात चूक राहिली की त्यांना घास उतरत नाही. एकदा कुठल्याशा फोनच्या बॅटरीचा आकडा चुकला, तर डबा तसाच ठेवून त्यांनी तो दुरुस्त केला आणि खाली माफी मागितली. रोज मला विचारायचे, "वाचलं का? कुठं चुकलं का?" मला वैताग यायचा.

मॅचचा अंदाज ते आदल्या दुपारीच लिहीत आणि सकाळी सहाला आपोआप पडेल असा लावून ठेवत. मागच्या हिवाळ्यात गावातल्या एका तरुण खेळाडूवर लिहिलं, 'आज याची चढाई अडवून दाखवा.' त्याच संध्याकाळी सरावाहून येताना तो ट्रकखाली गेला. त्या धावपळीत पोस्ट काढायचं यांना सुचलंच नाही. सकाळी सहाला ती सगळ्या गावाच्या मोबाइलवर पडली.

ते माफी मागायला गेले. मुलाचे वडील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ. तठे मना पोऱ्या आजून खेळी ऱ्हायना." त्या पोस्टमध्ये त्यांचा पोरगा अजून खेळतच होता.

पोस्ट तशीच आहे. खाली माफी नाही. कुठं चुकलं का, असं ते आता मला विचारत नाहीत.