हेमक्काच्या डोळ्यांखालची वर्तुळं

हेमलताला झोप कधीच कमी पडली नाही. उशीला डोकं टेकलं की ती गाढ झोपायची, इतकी की गल्लीतून गणपतीची मिरवणूक ढोल बडवत गेली तरी कूस बदलायची नाही. आणि तरीही तिला भेटणारा प्रत्येक जण बोलता बोलता थांबून काळजीने विचारायचा, "काय हो, रात्री झोप नाही झाली वाटतं?"

कारण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. काजळ लागलेल्या बोटाने कोणीतरी डोळे पुसावेत आणि तो डाग तसाच राहून जावा, तशी. जन्मापासूनची होती. वडिलांकडून, अप्पासाहेबांकडून आलेली. अप्पासाहेबांना ती त्यांच्या आजीकडून आली होती म्हणे. हे घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला येऊन राहिलेलं. नेमकं कधी ते अप्पासाहेबांनाही धड सांगता यायचं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ जिभेवर कायमची बसलेली.

शाळेत असताना एकदा नव्या बाईंनी हेमलताला मधल्या सुट्टीतच घरी पाठवलं होतं. "आईला सांग, मुलीला इतकं राबवू नका." हेमलताने आईला काहीही सांगितलं नाही. तो उरलेला अर्धा दिवस ती गल्लीत लगोरी खेळली.

लग्नात तर कहर झाला. अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, आणि नवरदेवाने, म्हणजे हरीने, तिचा चेहरा पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. खाली वाकल्याचं निमित्त करून तो कुजबुजला, "तुमच्या मनाविरुद्ध तर नाही ना चाललंय हे? रडलात काय रात्रभर? आत्ता सांगा, मी बघतो काहीतरी." हेमलताला इतकं हसू फुटलं की मुंडावळ्या सरकून नाकावर आल्या. भटजी मंत्र थांबवून बघत राहिले. हरीराव पुढे नेहमी म्हणत, की आमचं लग्न लागलं ते मंगलाष्टकांनी नाही, त्या हसण्याने.

लग्नानंतर हेमलता बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या बाजारातल्या एका चष्म्यांच्या दुकानात कामाला लागली आणि तिथेच रमली. बोलघेवडी, हसरी, गिऱ्हाइकाला कुठली फ्रेम शोभेल ते तोंडावर सांगणारी. सगळा बाजार तिला हेमक्का म्हणायचा. पण फ्रेम लावून आरशात बघणाऱ्या गिऱ्हाइकाला मागे तिचाही चेहरा दिसायचा, आणि मग उपाय सुरू व्हायचे. कोणी म्हणे काकडी ठेवा, कोणी म्हणे बदामाचं तेल, कोणी हळूच म्हणे, "घरी सगळं ठीक आहे ना अक्का?" हेमलता सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि चष्मा विकायची.

या सगळ्याचा ताप खरा झाला तो हरीरावांना. ते बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे, स्वभावाने गरीब, आवाज कधी चढायचा नाही. समोरच्या घरात प्रेमा राहायला आली तेव्हा महिन्याभरातच तिने त्यांना आपल्या दारासमोर गाठलं आणि कन्नडमध्ये स्पष्ट सुनावलं, "अण्णा, राग मानू नका. अक्कांकडे स्वल्प लक्ष द्या. बायको म्हणजे यंत्र नव्हे."

"अहो, पण ती दहा-दहा तास झोपते!" हरीराव म्हणाले.

"सगळे पुरुष असंच सांगतात," प्रेमा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून हरीराव सकाळचा चहा स्वतः करायला लागले, तोही खिडकी उघडी ठेवून, प्रेमाला दिसेल असा. पुढे चहाबरोबर उप्पीट आलं, मग रविवारची भाजी आली. हेमलताने यातल्या कशालाच हरकत घेतली नाही. उलट प्रेमा दिसली की ती मुद्दाम जरा थकल्यासारखी चालायची.

असं सगळं मजेत चाललेलं असताना एका संध्याकाळी लेकीने तिला पहिल्यांदा दुखवलं.

रक्षिता इंदिरानगरच्या एका ऑफिसात नुकतीच नोकरीला लागली होती. आईचं हसू तिने घेतलं होतं आणि वर्तुळंही. ऑफिसात दिवसभर कॅमेऱ्यासमोर मीटिंगा. त्या दिवशी पुण्याहून आलेल्या तिच्या वरिष्ठ बाई, स्मिता मॅडम, सगळ्यांच्या देखत आपुलकीने म्हणाल्या होत्या, "रक्षिता, तू किती एग्झॉस्टेड दिसतेस गं! उद्या सुट्टी घे." बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण रक्षिता घरी आली ती धुमसतच. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अप्पाआजोबांची जमीन नाही, तुझा गोरा रंग नाही. तुझ्याकडून मला मिळालं काय, तर हे!"

उभ्या आयुष्यात हेमलताला त्या वर्तुळांचं काही वाटलं नव्हतं. लोक विचारायचे, ती हसायची, संपलं. पण लेकीच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला वाटलं, आपण मुलीच्या ताटात काहीतरी नासकं वाढलंय आणि आपल्यालाच ते कळलं नाही.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "आपण दोघी मिळून घालवू या ही."

आणि मग घरात जे सुरू झालं ते विचारू नका. फ्रिजमध्ये चमचे गार व्हायला लागले. बटाट्याचे काप, काकडीचे काप, चहाची भिजवलेली पुरचुंडी. रविवारी मायलेकी डोळ्यांवर काप ठेवून दिवाणखान्यात आडव्या पडायच्या आणि हरीराव पाय न वाजवता मधून जायचे. अप्पासाहेब हल्ली त्यांच्याकडेच राहायचे; त्यांना एकटं वाटू नये म्हणून त्यांच्याही डोळ्यांवर काकडी ठेवली, तर थोड्या वेळाने पाहावं तो काकडी गायब. "मीठ असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

हसण्यात दिवस जात होते, पण फरक काही पडत नव्हता. उलट हेमलताचे डोळे हल्ली खाजायला लागले होते. सकाळी उठली की ती दोन्ही मुठींनी डोळे चोळायची, आणि वर्तुळं आणखीच गडद दिसायची. शेवटी तिचा धीर सुटला. दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून तिने लिंबाच्या रसात हळद कालवली आणि डोळ्यांखाली जाड थापून ऊन खात गच्चीवर बसली. खाली आली ती किंचाळतच. डोळ्यांखालचं कातडं लालबुंद, पापण्या फुगून पुरीसारख्या.

हरीराव घाबरले. त्यांनी कारखान्यात फोन करून रजा टाकली, हेमलताला रिक्षात घातलं आणि थेट त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. रक्षिताही ऑफिसातून तडक तिथे पोचली. डॉक्टर धनलक्ष्मी म्हणजे पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी लिंबाची हकीकत ऐकली, हेमलताकडे बघितलं आणि विचारलं, "लोणचं घालायचं होतं का?"

सुजल्या डोळ्यांनीही हेमलता हसली.

आग थांबवायला मलम लिहून दिल्यावर डॉक्टरांनी तिची पापणी हलकेच ताणून पाहिली, खिडकीजवळ नेऊन पाहिली, वडिलांचं विचारलं. मग समजावून सांगितलं. डोळ्यांखालचं कातडं फार पातळ असतं. काही घराण्यांत तिथला रंगच गडद, तिथला खळगाही जरा खोल. मग सावली पडते. त्याला झोपेचा, दुःखाचा काही संबंध नाही. "पण तुम्ही डोळे चोळता. चोळून चोळून ते आणखी काळं होतं. खाज सकाळी जास्त येते का?"

"उठल्या उठल्या."

"मग अंथरूण-पांघरूण बघा. धूळ असेल. आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, हळद नाही."

रक्षिताने पुढे सरकून विचारलं, "आणि माझी?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझी निम्मी आईची, निम्मी मोबाइलची. मोबाइलची जातील. आईची थोडी उजळतील, पण राहतील."

परतताना रिक्षात रक्षिता आईला खेटून बसली. घर जवळ आलं तसा तिने आईचा हात हातात घेतला. "मी त्या दिवशी फार वाईट बोलले गं."

"बोललीस खरं," हेमलता म्हणाली. "पण मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. निम्मीच माझी."

दोघी इतक्या हसल्या की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. एक सुजलेली, दुसरी डोळ्यांतून पाणी काढणारी. त्याला काही उमगलं नसणार.

त्या रविवारी हरीरावांनी अंथरुणं तपासायला काढली. हेमलताची उशी तिच्या आईच्या हातची होती, शेवरीच्या कापसाची. अभ्रे बदलले जायचे, पण आतली उशी कोणी कधी उसवली नव्हती, कारण आईची आठवण. हरीरावांनी ती गच्चीवर नेऊन कठड्यावर एकदा आपटली मात्र, आणि धुरळ्याचा असा लोट उठला की ते स्वतःच दिसेनासे झाले. मग शिवण उसवली. म्हातारा झालेला कापूस वाऱ्यावर सुटला. अप्पासाहेबांच्या टोपीवर, तुळशीवर, प्रेमाच्या वाळत घातलेल्या साड्यांवर जाऊन बसला. हरीराव शिंकत होते, रक्षिता कापसामागे धावत होती, अप्पासाहेब खुर्चीतून "तिकडे, तिकडे!" म्हणून काठीने दाखवत होते.

प्रेमा तणतणत आपल्या गच्चीवर आली. साड्यांची दशा बघून तोंड उघडणार तेवढ्यात तीही शिंकली, आणि लागोपाठ शिंकतच राहिली. शेवटी शिंका आवरल्यावर तिने विचारलं, "हे काय चाललंय?"

"तुमच्या अक्कांच्या डोळ्यांचं कारण सापडलं!" हरीराव एखादा खटला जिंकल्यासारखे ओरडले. "उशी! मी नव्हे, उशी!"

प्रेमाने हेमलताकडे पाहिलं. हेमलताने मान डोलावली. "ते खरंच चांगले आहेत गं. मीच तुला कधी सांगितलं नाही. चहा बंद होईल म्हणून."

प्रेमाने कपाळाला हात लावला आणि मग ती जी हसायला लागली ती कठड्याला धरूनच. संध्याकाळी तिने हरीरावांसाठी डबाभर चकल्या पाठवल्या. आईच्या उशीचा जुना, फुलाफुलांचा अभ्रा हेमलताने धुऊन नव्या उशीवर चढवला. खाज महिन्याभरात गेली. वर्तुळं जन्मजात होती तेवढ्यावर येऊन थांबली.

रक्षिता फोन बाहेरच्या खोलीत ठेवून झोपायला लागली. ऑफिसात स्मिता मॅडमनी पुन्हा काळजी केली तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं, "मॅडम, मी मस्त झोपून आलेय. हे आमच्या घरचं आहे." मॅडमनी जरा इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "त्या तुझ्या डॉक्टरचा नंबर देतेस? मी रोज सकाळी अर्धा तास ही लपवण्यात घालवते." त्या दिवशी दोघींनी एकत्र जेवण केलं.

अप्पासाहेबांना ऐंशीवं लागलं तेव्हा सगळे नटूनथटून बाजारातल्या स्टुडिओत फोटो काढायला गेले. फोटोवाला हौशी होता. त्याने कॉम्प्युटरवर अप्पासाहेब, हेमलता आणि रक्षिता या तिघांच्याही डोळ्यांखाली झरझर हात फिरवला आणि अभिमानाने पडदा त्यांच्याकडे वळवला. तिघांचे चेहरे दुधासारखे स्वच्छ.

अप्पासाहेब पडद्याजवळ वाकले. "हे कोण लोक आहेत?" त्यांनी विचारलं.

"काढून टाका ते," हेमलता म्हणाली. "म्हणजे, वर्तुळं परत घाला."

फोटोवाला गोंधळला. रक्षिता त्याच्या खांद्यावरून वाकून पडदा न्याहाळत होती. "आजोबांची पूर्ण घाला. आईची पूर्ण घाला." ती क्षणभर अडखळली. "माझी स्वल्प घाला."

"आणि मला?" मागे खुर्चीवर बसलेल्या हरीरावांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांखाली आयुष्यात कधी साधा डाग नव्हता. "या फोटोत मीच परका दिसतोय. मलाही थोडी लावता येतील का?"

फोटोवाल्याने हात जोडले. हेमलताने हसता हसता नवऱ्याचा दंड धरून त्याला खुर्चीवरून उठवलं, आणि अप्पासाहेबांना भूक लागली होती म्हणून सगळे लोण्याचा दोसा खायला निघाले.