न झालेल्या गोष्टीची साक्ष

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना संपवून घरी येते तेव्हा ऊन कललेलं आहे आणि सकाळपासून माझ्या पोटात पाणीसुद्धा गेलेलं नाही. पांढरी साडी न बदलताच मी बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवी होते. आतल्या खोलीत आमोस जागा असणार. हल्ली मी घरात शिरले की तो डोळे मिटून झोपेचं सोंग घेतो. मला कळतं ते. आई आहे मी त्याची, दूधखुळी नाही.

गेल्या पावसाळ्यात एका ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हा आता चालणार नाही, चाकांची खुर्ची घ्या आणि पोराला बाहेर हिंडवा. मी खुर्ची उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. चर्चच्या मंडळीतले चारजण म्हणाले होते की खुर्ची घेणं म्हणजे अविश्वास, आणि मला तेच ऐकायचं होतं. नाताळच्या उपासनेत मी माइकसमोर उभी राहिले आणि साक्ष दिली, की येत्या ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमेल तेव्हा माझा आमोस आपल्या पायांनी चालत येऊन बापाच्या कबरीवर फुलं ठेवील. आमच्यात झालेल्या गोष्टीची साक्ष देतात. मी न झालेल्या गोष्टीची दिली. केवढ्या टाळ्या पडल्या. तेव्हापासून दर रविवारी लोक सलाम करतात आणि पाठोपाठ विचारतात, हललं का काही? ईस्टर परवावर आलाय आणि त्याच्या पायाचं बोटसुद्धा हललेलं नाही.

डोळे जड होतात. मोरीत कुणीतरी हात धुतंय.

हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. माझे मिस्टर, फिलेमोन ओहोळ, एसटीच्या वर्कशॉपमधून आले की असेच हात धुवायचे, आधी रॉकेलनं, मग साबणानं, घाई म्हणून नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी उठून मोरीच्या दाराशी जाते. ते पाठमोरे बसलेत. वर्कशॉपचा खाकी शर्ट, मानेवर घामाची रेघ.

"अहो, तुम्ही गेलात ना?" मी विचारते.

"गेलो की," ते म्हणतात आणि बोटं चोळत राहतात.

मला भीती वाटत नाही. रागच येतो. हा माणूस जिवंतपणीही असाच होता. रोज सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बसायचा. हातात बायबल नाही, ओठ हलायचे नाहीत. आज देवाजवळ काय मागितलं, असं मी विचारायची. काही नाही, बसलो होतो, एवढंच उत्तर. साहेबाकडे ज्याला बढती मागता आली नाही तो देवाकडे काय मागणार, असं मी तोंडावर बोलायची, आणि ते हसून डबा उचलून कामाला जायचे. मागायचं सगळं मीच मागितलं. घर मीच मागितलं, आमोसही मीच मागून घेतला.

टॉवेल द्यायला मी हात पुढे करते आणि माझ्या हातात माइक असतो. मोरी नाही, चर्च आहे. बाकांवर सगळी मंडळी बसलेली आहे, पण माझ्याकडे पाठ करून. मी साक्ष देते. आवाज घुमतो, शब्द मात्र माझे मलाच ऐकू येत नाहीत. पंखे बंद आहेत. प्रवचनाच्या पुलपिटाखाली अजून रॉकेलचा वास येतोय.

शेवटच्या बाकावर हे बसलेत. शेजारची जागा हातानं झाडून मला बोलावतात. मी जाऊन बसते तर बाक एसटीचा आहे, आणि गाडी चाललीय. गाडीत आम्ही दोघंच. खिडकीबाहेर अंधार नाही, उजेडही नाही.

मी त्यांना सगळं सांगते. ट्रक, डॉक्टर, साक्ष, रविवार. सांगता सांगता माझा आवाज चढतो. तुम्ही आता तिथं आहात, म्हणते, देवाच्या जवळ आहात, मग लेकासाठी एक शब्द टाकता येत नाही का?

"तिथं वशिला चालत नाही गं, दीना."

"मग मी काय तोंड दाखवू लोकांना?"

ते मान वळवतात. माझ्याकडे बघतात फक्त, आणि मला एकदम लाज वाटते, कारण मी पोराच्या पायांबद्दल बोलत होते आणि शेवटी निघालं माझं तोंड.

गाडी थांबते. खाली उतरलो की कबरस्तान. नव्या चुन्याचा वास येतोय. मंडळी दोन्ही बाजूंना उभी आहे आणि सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळलेल्या आहेत. फाटकातून आमोस येतोय. उभा. माझा आमोस उभा आहे. "बघा," मी यांना म्हणते, "चालतोय."

"नीट बघ," ते म्हणतात.

मग दिसतं. चौघांनी त्याला काखेत धरलंय. पाय मागे फरफटतायत आणि मातीत त्यांच्या दोन रेघा उठतायत. लोक टाळ्या वाजवतायत, देवाची स्तुती चाललीय. आमोस ओरडत नाही. त्याची मान माझ्याकडे वळलेली आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही. भाजीच्या पिशवीसारखं त्याला माझ्यासमोर आणून ठेवतात. हे मीच मागितलं होतं.

"खरंच चालेल का हो तो कधी?"

"नाही," ते म्हणतात.

इतक्या महिन्यांत हा शब्द माझ्या घरात कुणी काढला नव्हता. मी काढू दिला नव्हता. मी रडत नाही, आडवी पडून गुरासारखी हंबरते, कबरीवरची माती मुठीत धरते. हे तसेच उभे राहतात. सांत्वन करणं त्यांना कधीच जमलं नाही.

"मग आता मागू तरी काय?"

"काही नको मागू. बस जरा."

मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकते. लोक कुठे गेले कळत नाही. सवयीनं तोंडात शब्द येतात, प्रभू त्याला उठव, आणि मी ते गिळते. मग येतं, माझी लाज राख. तेही गिळते. मग सगळ्यात खालचं वर येतं, माझ्यामागं त्याला कोण बघेल, आणि ते काही केल्या गिळवत नाही. किती तरी वेळ मी ते तोंडात धरून बसते. शेवटी तेही सुटतं. त्यावर तोड काही मिळालेली नसते. धरायला माझ्या अंगात बळच उरलेलं नसतं. मग नुसतं बसणं राहतं. माझ्या समोर कुणीतरी आहे, आणि त्याला माझ्याकडून काही ऐकायचं नाही. त्याचाही मुलगा आजच्याच दिवशी क्रुसावर खिळला गेला होता, एवढंच मनात येतं आणि थांबतं.

मी वळून बघते. शेजारी हे नाहीत.

जाग येते तेव्हा मी खाटेवर नाही. खाली फरशीवर गुडघे टेकून, खाटेच्या पट्ट्यांवर कपाळ टेकवून बसलेय. बाहेर अजून ऊन आहे. पाय बधिर झालेत. खाट धरून कशीबशी उठते आणि आत जाते.

आमोस डोळे मिटून पडलाय. मी त्याच्याजवळ बसते आणि सांगते की जागा आहेस, मला माहीत आहे. तो डोळे उघडतो.

"उद्या खुर्ची आणू," मी म्हणते. "तू चालणार नाहीस, आमोस. मला कळलंय."

तो आढ्याकडे बघत विचारतो,

"आणि तुझी साक्ष, मम्मी?"

रविवारी सगळ्यांसमोर परत घेते, असं मी सांगते. लोक हसतील, कुणी म्हणेल दीनाबाईचा विश्वास कमी पडला. म्हणू देत. तो माझ्याकडे वळून बघतो, आणि अपघातानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर रडतो. मी त्याला उगी म्हणत नाही. रडू देते.

मग तो हात उचलतो आणि माझ्या कपाळाला लावतो. तिथं खाटेच्या पट्ट्यांचे वळ उठलेत, आडवे आणि उभे. अंगठ्यानं चोळून तो ते घालवू बघतो. ते जात नाहीत, तरी तो चोळत राहतो.