अपेक्षित उत्तर

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझा बदलीचा अर्ज जुन्या-नव्या कचेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी गडप झाला. घर मुखेडला, नांदेड जिल्ह्यात. नोकरी शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यातल्या शाळेत. त्यात दुष्काळ. दरवर्षी तोच वर्ग, तेच धडे, तेच टाचण. सुटायची काही सोय दिसेना. मी नुसती चिडचिडी झाले होते.

अशात अध्यापक विद्यालयाने सरावपाठांसाठी एक मुलगी माझ्या गळ्यात मारली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, तुमचं टाचण देता का?" ब्याद टळावी म्हणून मी वही देऊन टाकली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे अपेक्षित उत्तर. एवढंच माझं मार्गदर्शन.

शेवटच्या पाठाला तिचे प्राध्यापक मागे येऊन बसले. यात नापास झाली तर वर्ष जाणार आणि वडील घरी बसवणार, हे तिने मला आधीच रडून सांगितलं होतं.

तिने विचारलं, "आपल्या गावाला पाणी कुठून मिळतं?"

दुसऱ्या रांगेतली एक पोरगी उठली. सकाळी घागर घेऊन ताटकळल्यामुळे ती शाळेत उशिराच आली होती. "टँकरनं येतंय, बाई."

"चूक. बस खाली." आणि शिकवणाऱ्या त्या मुलीने डस्टर टेबलावर दोनदा आपटलं.

तो आवाज माझा होता. डस्टर आपटणंसुद्धा माझंच. वर्गात मी अशी दिसते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड उघडावं तर हिचं वर्ष जाणार. गप्प बसावं तर ते लेकरू खोटं पडणार. मी गप्प बसले. प्राध्यापक खूश. "हुबेहूब तुमच्यासारखी शिकवते," म्हणाले. मी पाठाच्या शेऱ्याखाली सही केली.

शाळा सुटल्यावर तिला सगळं बोलले. ती घाबरून गेली. "पण बाई, तुमच्याच वहीत विहीर लिहिलंय."

"हाव, मीच लिहिलंय. विहिरीला पाणी होतं तवा."

त्यानंतर शिकायला आलेल्या कुणालाच मी ती वही दिली नाही. आधी लेकरं काय म्हणतात ते ऐका, एवढं सांगत आले. पण ही अक्कल फुकट आली नाही.

त्या पाठाच्या दुसऱ्याच दिवशी मी मुद्दाम त्याच पोरीला उभं केलं होतं. "आज पाणी कुठून आणलंस गं?"

टँकरची घागर वाहून तिचा फ्रॉक खांद्यावर अजून ओला होता. माझ्या तोंडाकडे बघत, जपून, ती म्हणाली, "विहिरीतून, बाई."